नंबर देण्याआधी

सातारा,
१४ जानेवारी

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, दुपारी सासूबाईंचा डोळा लागतो न लागतो तोच कर्जाचा, विम्याचा नाहीतर प्लॉटचा फोन येतो, म्हणून तू अनोळखी नंबर उचलणंच सोडून दिलंस. तुझा वैताग मला समजतो, पण हा उपाय काही मला पटला नाही. तुझ्या सासऱ्यांच्या तपासण्या चालू आहेत. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून येणारा फोनही अनोळखी नंबरचाच असणार. कुरिअरवाला, पिंटूची स्कूल व्हॅन, सोसायटीचा नवा वॉचमन, सगळ्यांचं तेच. नको असलेल्या फोनांपायी हवे असलेले फोन बुडतात, हे खरं नुकसान. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेल्या मला ते फार लागतं. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी नंबर जातो कुठून ते बघ. मॉलमध्ये कपड्यांचं बिल करताना काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारते, "मॅडम, मोबाईल नंबर?" मागे रांग असते, हातात पिशव्या असतात, आणि आपण दहा आकडे घडाघडा सांगून मोकळ्या होतो, तेही मागच्या चार जणांना ऐकू जातील असे. प्रदर्शनात लकी ड्रॉची चिठ्ठी भरतो, फ्लॅट बघायला गेलो की साइट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये नाव, नंबर, बजेट सगळं लिहून येतो. कुणी जबरदस्ती करत नाही. आपल्यालाच नाही म्हणवत नाही. भीड ही भिकेची बहीण, असं तुझी आजी म्हणायची, ते इथे तंतोतंत लागू पडतं. बिलासाठी नंबर लागत नाही. ग्राहकाचा नंबर घेतल्याशिवाय बिलच करणार नाही, असा हट्ट दुकानदारांनी धरू नये, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच बजावलं आहे. तेव्हा हसून, स्पष्ट शब्दांत म्हणायचं, "नंबर नाही देणार, कागदी बिल द्या." कुणालाही वाईट वाटत नाही.

मोबाईलवर फॉर्म भरताना याहून सावध राहा. खालच्या बारीक अक्षरांत बऱ्याचदा असं असतं, की तुम्ही डीएनडीत, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत म्हणणाऱ्यांच्या यादीत, नाव नोंदवलेलं असलं तरी आम्ही फोन करू, याला तुमची संमती आहे. त्या चौकोनात आधीपासून बरोबरची खूण असते. ती काढ. संमती दिलेली असली की डीएनडीतली नोंदणी त्या कंपनीपुरती निरुपयोगी ठरते. माझं डीएनडी चालत नाही, अशी तक्रार करणाऱ्या अनेकांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

आता ती नोंदणी. ज्या नंबरवर त्रास होतो, त्याच नंबरवरून १९०९ ला फोन कर, किंवा इंग्रजीत 'स्टार्ट', मग जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठव. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. बँक आणि विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य असे वेगवेगळे गटही निवडता येतात, पण तू शून्यच टाक. ओटीपी आणि बँकेच्या व्यवहाराचे मेसेज याने थांबत नाहीत, ती काळजी नको. घरात लँडलाइन असेल तर तिचीही नोंद १९०९ वर फोन करून होते.

एवढं करूनही फोन येतील, कारण नियम पाळतात ते नोंदणी करून फोन करणारे विक्रेते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत, आणि बँकांनी व्यवहाराच्या कामासाठी १६०० ने सुरू होणारे वापरायचे आहेत. साध्या दहा आकडी मोबाईलवरून कर्ज विकणारा नियम मोडतो आहे असं समज, आणि त्याची तक्रार कर. नंबर, तारीख आणि तो काय म्हणाला एवढं १९०९ वर किंवा दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर द्यायचं. पूर्वी यासाठी तीन दिवसांची मुदत होती. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनं ती सात दिवस झाली, आणि अशा नंबरविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडीत नाव असण्याची अटही राहिली नाही. थोड्या दिवसांत एकाच नंबरविरुद्ध पाच तक्रारी आल्या की टेलिफोन कंपनीला कारवाई करावी लागते. म्हणजे तुझ्या एका तक्रारीनं शेजारणीचीही दुपार वाचते. आपण नुसतं ब्लॉक करून गप्प बसतो, म्हणून तो नंबर पुढच्या घरी वाजत राहतो.

फोन उचललास तर वाद घालू नकोस, चिडूही नकोस. पलीकडे बहुधा तुझ्याच वयाची, दिवसाचं टार्गेट पुरं करणारी मुलगी असते. "मला नको आहे, माझा नंबर यादीतून काढा," एवढं बोल आणि ठेव. रेकॉर्ड केलेला आवाज 'नको असेल तर नऊ दाबा' म्हणाला तर काहीही दाबू नकोस, नुसता फोन ठेव. ईमेलचंही तसंच. ओळखीच्या दुकानाचे मेल नको असतील तर खालची 'अनसबस्क्राइब' लिंक दाब. अनोळखी मेलमधल्या कुठल्याच लिंकला हात लावू नकोस, सरळ स्पॅममध्ये टाक.

सगळ्यात महत्त्वाचं सासू-सासऱ्यांबद्दल. विक्रीचे फोन सारखे घ्यायची सवय झालेला माणूस केवायसी अपडेट करा, पार्सल अडकलंय, पोलीस बोलतोय, असल्या फोनलाही तितक्याच सहज उत्तर देतो. फोनवर ओटीपी मागणाऱ्याशी बोलायचंच नाही, हे त्यांना नीट समजावून सांग. संशयास्पद फोनची माहिती दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये देता येते. पैसे गेलेच तर रडत, लाजत बसायचं नाही, त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा. हा नंबर त्यांच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

येत्या रविवारी चहा झाला की घरातले सगळे फोन घेऊन डीएनडीची नोंदणी करायला बसा. सासऱ्यांचा मेसेज तू टाइप करू नकोस, त्यांनाच करू दे. एकदा स्वतःच्या हाताने केलं, की पुढची तक्रार ते तुला न विचारता करतील. आणि अनोळखी फोन उचलणं पुन्हा सुरू कर, फक्त नाही म्हणायला तयार राहून.

सर्वांना नमस्कार, पिंटूला गोड पापा.

तुझी,
आत्या