श्रद्धा आणि अद्भुतकथा

कोपरगावच्या बेटात गोदावरीकाठी शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कच येथेच संजीवनी विद्या शिकला, अशी या परिसराची श्रद्धा आहे. लहानपणापासून मी आजीबरोबर या मंदिरात जात आले आहे. याच आजीने एके दिवशी मला मोठ्या पेचात टाकले.

मी वि. स. खांडेकरांची 'ययाति' वाचत होते. कचाचे नाव कानावर पडताच आजीने काही पाने वाचून दाखवायला सांगितले. थोडे ऐकून ती म्हणाली, "अगं, आपला कच विद्या घेऊन सर्गात गेला, तो गेला. हा परत कशापायी आला?" मी म्हटले, "आजी, ही कादंबरी आहे. लेखकाने कल्पनेने लिहिलंय." त्यावर तिने विचारले, "मग देवळातलं काय? तेबी कुणी कल्पनेनंच रचलं म्हणायचं का?"

मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आजीचा पहिला आक्षेप रास्त होता. महाभारताच्या आदिपर्वात कच विद्या मिळवून देवलोकी परततो आणि ययातीच्या कथेत पुन्हा येत नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'ययाति'त मात्र तो पुढेही वावरतो. भोगात बुडालेल्या ययातीसमोर संयमाचा आदर्श म्हणून खांडेकरांना तो हवा होता. या कादंबरीच्या लेखकाला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. वाचकांनी हे स्वातंत्र्य आनंदाने मान्य केले, आणि त्यामुळे बेटातल्या देवळातील गर्दी काही ओसरली नाही.

असे का झाले? माझ्या मते, कथा आणि श्रद्धा आपल्याकडे वेगवेगळ्या गोष्टी मागतात. कथा म्हणते, पुस्तक मिटेपर्यंत माझे ऐक. श्रद्धा म्हणते, त्याप्रमाणे जग. हॅरी पॉटरची छडी मी पुस्तकापुरती खरी मानते. तिच्यापुढे दिवा लावत नाही. शुक्राचार्यांपुढे मी हात जोडते, ते चमत्काराचा पुरावा मिळाला म्हणून नव्हे. घरातल्या पिढ्यांनी जेथे मस्तक टेकले, तेथे माझेही मस्तक नम्र होते म्हणून.

आपल्या परंपरेने अद्भुताला कधी परके मानलेले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांत अद्भुत हा एक रस असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव आहे. ध्वन्यालोककार आनंदवर्धनाने कवीला काव्यसृष्टीचा प्रजापती मानले. याच गोदावरीकाठी खाली पैठणला एकनाथांनी भारुडे रचली. त्यांत भूत आले, विंचू आला, जोशीही आला. ऐकणारे खळखळून हसले, आणि हसता हसता त्यांना परमार्थ कळला. नाथांच्या भक्तीला कल्पनेची बाधा झाली नाही. उलट कल्पना भक्तीच्या कामी आली.

पाश्चात्त्य जगातही हा प्रश्न उभा राहिला होता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन हे श्रद्धाळू कॅथलिक होते. परीकथांवर त्यांनी १९३९ साली स्कॉटलंडमध्ये व्याख्यान दिले. त्यांच्या विचाराचा आशय असा, की माणूस निर्मात्याच्या प्रतिमेप्रमाणे घडला आहे, म्हणून त्यालाही प्रतिसृष्टी रचावीशी वाटते. आनंदवर्धनाचा विचार आणि हा विचार एकमेकांपासून फार दूर नाहीत.

मग श्रद्धावंताने कोणतीही अद्भुतकथा डोळे मिटून वाचावी काय? तसे नाही. कसोटी हवी, आणि ती कचाच्या कथेतच सापडते. दैत्यांनी कचाची राख मद्यातून शुक्राचार्यांना पाजली. पोटातल्या शिष्याला बाहेर काढायचे तर गुरूचा मृत्यू अटळ होता. गुरूंनी पोटातल्या कचाला विद्या दिली. बाहेर आल्यावर गुरूंना तसेच टाकून तो जाऊ शकला असता. पण त्याने आधी गुरूंना उठवले. या कथेत मेलेला माणूस जिवंत होतो हे नवल खरेच, परंतु तिचा प्राण कचाच्या कृतज्ञतेत आहे. टॉल्किनच्या कथेतही सर्वशक्तिमान मुद्रिका वापरायची नसते, नष्ट करायची असते. सामर्थ्य हाती आल्यावर माणूस कसा वागतो, हे दाखवणारी कथा श्रद्धेला पोषकच ठरते.

खरा धोका निराळाच आहे. कल्पित चमत्कार कोणी खरा म्हणून विकू लागला, की तेथे कथा संपते आणि फसवणूक सुरू होते. अशा फसवणुकीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. कथेला कथा म्हणून ओळखण्याची सवय ज्याला आहे, तो भोंदूच्या जाळ्यात सहजासहजी सापडणार नाही, असे मला वाटते. लेखक आपली कल्पना कल्पना म्हणूनच आपल्या हाती देतो. भोंदू ते लपवतो.

हे सारे मी आजीला माझ्या परीने सांगितले. तिला ते पूर्ण पटले असे नाही. "आपला कच परत येत नाही," हे तिचे म्हणणे कायम आहे, आणि तो तिचा अधिकार मी मानते. मात्र त्यानंतर तिने स्वतःहून विचारले, "त्या पुस्तकातला कच पुढं काय करतो गं?" त्या रात्री आम्ही हरिपाठ म्हटला आणि नंतर 'ययाति'चे पुढचे प्रकरण वाचले.