नट घसरला? तिथेच थांबा

पावसाळा सरला की गंजलेल्या नट-बोल्टची पत्रं वाढतात. त्यांतली चार इथे घेतो.

प्रश्न : माझ्या १०० सीसी मोटारसायकलच्या चेंबरचा ऑइल नट गोल झाला आहे. गॅरेजवाला म्हणतो, आता चेंबरच बदलावा लागेल. खरंच का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, ती वेळ अजून आलेली नाही. डोकं गोल झालं म्हणजे पान्याची पकड गेली, एवढंच. आतले आटे बहुतेक वेळा शाबूत असतात आणि ते तसेच राखणं हे आता खरं काम आहे.

आधी हे कशामुळे झालं ते पाहा. अशा बऱ्याच गाड्यांत हे डोकं १७ मिलिमीटरचं असतं. जुन्या गॅरेजच्या पेटीत इंची पानेही असतात. त्यांतला ११/१६ चा पाना भरतो १७.४६ मिलिमीटर. तो १७ च्या डोक्यावर बसतो, हाताला बरोबर वाटतो आणि जोर लावला की कोपरे खाऊन निसटतो. बारा कोनी रिंगही कोपऱ्यांच्या टोकांजवळच धरते. सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर दाब देते, म्हणून हट्टी नटाला तीच हवी. पाना एकदा घसरला की त्याच पान्याने दुसरा प्रयत्न करू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. पहिल्या घसरणीत कोपरे थोडे झिजतात. आणखी दोन-तीनदा घसरला की धरायला काही उरत नाही.

आता उपाय. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा आणि बंद करा. तारेच्या ब्रशने डोक्यावरची माती खरवडून काढा. १६ ची सहा कोनी गोटी घ्या, शक्यतो जाड भिंतीची, आणि हातोडीने सरळ ठोकत त्या डोक्यावर चढवा. ठोके हलके हवेत. चेंबर ॲल्युमिनियमचा आहे, जोराच्या घावाने त्याला तडा जाईल. याच ठोक्यांनी वॉशरपाशी धरलेली पकडही सैल होते. मग लांब दांडा लावून एकसारखा ओढा, झटका देऊ नका.

दिशेची चूकही इथे फार होते. डोकं समोर धरून पाहिलं तर नट घड्याळाच्या उलट सुटतो. पण वरून वाकून, हात गाडीखाली घालून काम करताना तीच दिशा उलटी भासते आणि माणूस घट्ट नट आणखी आवळत बसतो. शंका असेल तर खाली आडवं होऊन पाहा.

गोटीही फिरली तर छन्नी घ्या. डोक्याच्या कडेवर आधी सरळ खाच पाडा, मग छन्नी तिरपी धरून त्याच खाचेत सुटण्याच्या दिशेने ठोका. डोक्यावर दुसरा नट वेल्ड करून काढण्याची युक्ती इतर ठिकाणी उत्तम आहे, पण आत ऑइल असताना इथे नको.

निघाल्यावर बोल्ट आणि वॉशर दोन्ही नवे घाला. आवळायला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १४ किलोची ओढ. कोणी पाय देऊन आवळत असेल तर त्याला थांबवा, गाडी तुमची आहे. बोल्टबरोबर आटेच बाहेर आले तरी हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून चेंबर वाचतो. त्यासाठी आटे पाडणाऱ्या टॅपला ग्रीस लावायला सांगा, म्हणजे कीस त्यात अडकेल, आणि बोल्ट लावण्यापूर्वी थोडं ऑइल वरून ओतून आत राहिलेला कीस धुवून काढा.

प्रश्न : देवगडला तीन वर्षं उभ्या असलेल्या कारचे स्पार्क प्लग निघत नाहीत. पाव फेरा फिरून कुईं असा आवाज येतो. आणखी जोर लावू का?
– एक वाचक

उत्तर : मुळीच नको. तो आवाज आटे एकमेकांत धरत असल्याचा आहे. आवाज आला की प्लग थोडा परत आवळा, बुडाशी गंज सोडवणारं ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. त्याआधी प्लगच्या खळग्यातली माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. सकाळी थोडा सोडा, थोडा आवळा, असं करत बाहेर आणा. वेळ लागेल, लागू द्या. इंजिन पूर्ण गार हवं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून गरम असतानाच काढा असा सल्ला मिळेल. पण गरम ॲल्युमिनियम मऊही असतं आणि धरलेले आटे सोलून प्लगसोबत येतात. हेडचं काम कितीतरी महाग पडतं.

नवा प्लग आधी हातानेच बसवा. वॉशरवाला प्लग टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. तोच प्लग काढून परत लावताना फेऱ्याचा बारावा भागही पुरतो. मुलामा दिलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू नका. घर्षण कमी होतं आणि नकळत जास्त आवळला जातो.

प्रश्न : सायलेन्सरचे नट गंजून स्टडशी एकजीव झालेत. स्प्रे मारून उपयोग नाही.
– एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : इथे उष्णताच हवी. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवा, पाण्याची बादली जवळ घ्या. ज्योत स्टडवर नको, नटावर धरा. नट पसरला की गंजाचा थर फुटतो. धूर येणार नाही इतपत निवल्यावर ऑइल सोडा, ते आत ओढलं जातं. मग आधी किंचित आवळून पाहा आणि नंतर सोडा. तरीही हलला नाही तर करवतीने नट एका बाजूने उभा कापा. नट काही रुपयांचा आहे. स्टड हेडमध्ये तुटला तर ड्रिल मारून काढावा लागतो, आणि ड्रिल जरा सरकलं की मऊ हेडच खातं.

प्रश्न : यामाहाचा उजवा आरसा सोडवताना आणखी घट्ट होतो आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : यामाहाच्या अनेक दुचाकींत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. वरून पाहून घड्याळाच्या दिशेने फिरवा, सुटेल. आधीच बराच जोर लावला असेल तर बुडाशी दोन थेंब ऑइल सोडून तासभर थांबा. दुसऱ्या कंपनीचा आरसा लावला असेल तर मध्ये जोडतुकडा असू शकतो. तेव्हा खालचा नट आणि वरचा नट वेगवेगळ्या दिशांना सुटतात, म्हणून एकाला पाना लावून धरा आणि दुसरा फिरवा.