प्रसूतिपश्चात रक्तस्राव : अंदाजाकडून मोजमापाकडे

नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. ही प्रगती निःसंशय समाधानकारक आहे. तथापि मातामृत्यूच्या कारणांमध्ये प्रसूतीनंतर होणारा अतिरिक्त रक्तस्राव आजही अग्रभागी आहे. या विषयावर अलीकडच्या वर्षांत झालेल्या संशोधनाचा परिचय आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांना व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गर्भारपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते. बाळाच्या जन्मानंतर वार सुटते, गर्भाशय घट्ट आकुंचन पावते आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे आवळली जातात. गर्भाशय सैल राहिले तर रक्त वाहतच राहते. अशा वेळी काही मिनिटांचा विलंबही मातेच्या जिवावर बेतू शकतो. नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर वा त्याहून अधिक रक्त गेल्यास त्यास प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणण्याचा प्रघात आहे.

परंतु ५०० मिलिलिटर रक्त गेले हे ठरवायचे कसे? वर्षानुवर्षे ते डोळ्यांच्या अंदाजानेच ठरत आले. रक्त कपड्यांत मुरते, चादरीखाली पसरते, पाण्यात मिसळते. त्यामुळे अनुभवी नजरही फसते. या प्रश्नावर एक साधे उत्तर बेळगाव जिल्ह्यात झालेल्या संशोधनातून पुढे आले. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील संशोधक यांच्या संयुक्त कार्यात, प्रसूत मातेच्या खाली अंथरावयाची व टोकाशी मापाच्या खुणा असलेली पिशवी जोडलेली प्लॅस्टिकची चादर वापरण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, डोळ्यांनी केलेला अंदाज या चादरीने केलेल्या मोजमापापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला यातील मर्म चटकन उमगते. ज्या खर्चाची नोंदच होत नाही, तो हाताबाहेर गेल्यावरच ध्यानात येतो.

याच मोजमापावर आधारलेला ‘ई-मोटिव्ह’ हा मोठा अभ्यास केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील रुग्णालयांत झाला. दोन लाखांहून अधिक प्रसूतींचा समावेश असलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मापाची चादर वापरून रक्तस्राव लवकर ओळखणे आणि ओळखताच गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारे औषध, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, शिरेवाटे सलाईन, तसेच रक्तस्रावाच्या कारणाची तपासणी हे उपचार एकामागून एक प्रतिक्षा न करता, एकत्रितपणे सुरू करणे, अशी ही पद्धती होती. तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णालयांतही रक्त गोळा करणारी चादर होती, मात्र तिच्यावर मापाच्या खुणा नव्हत्या. तेथे रक्तस्रावाच्या जेमतेम ५१ टक्के घटना ओळखल्या गेल्या. नव्या पद्धतीत हे प्रमाण ९३ टक्के होते. एक लिटर वा अधिक रक्तस्राव, त्यासाठी करावी लागलेली पोटाची शस्त्रक्रिया अथवा रक्तस्रावाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांऐवजी १.६ टक्के राहिले. केवळ मृत्यूंच्या संख्येतील फरक मात्र या अभ्यासात ठामपणे सिद्ध झाला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

उपरोक्त ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचा शोध जपानमधील उताको व शोसुके ओकामोटो या शास्त्रज्ञ दांपत्याने लावला. रक्ताची गुठळी विरघळू न देणे हे त्याचे कार्य. २१ देशांतील वीस हजार मातांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वुमन’ चाचणीत, प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्या मातांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. उशिरा दिल्यास हा लाभ दिसला नाही. पुढे रक्तक्षय असलेल्या मातांना रक्तस्राव होण्यापूर्वीच ते देऊन पाहण्यात आले, तेव्हा रक्तस्राव टळल्याचे आढळले नाही. तात्पर्य, औषध वेळेवर देण्यासाठी रक्तस्राव वेळेवर ओळखणे अपरिहार्य आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये नैसर्गिक प्रसूतीनंतर रक्ताचे प्रत्यक्ष मोजमाप करण्याची शिफारस केली. २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत तर, नाडी वा रक्तदाब बिघडलेला असल्यास ३०० मिलिलिटरलाच सावध होऊन उपचार आरंभावेत, असे सांगितले आहे.

कुटुंबीयांनीही या कार्यात सहभागी व्हावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ नुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा मातेला थोडा रक्तस्रावही सोसत नाही. म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी, लोहाच्या गोळ्या नियमित घेणे, रक्तगट ठाऊक असणे आणि घरातील निरोगी व्यक्तींनी रक्तदान करणे यांत हयगय होऊ नये. घरी गेल्यावर भराभर पॅड भिजू लागले, भोवळ आली वा हातपाय गार पडले, तर सकाळची वाट न पाहता मातेस तत्काळ रुग्णालयात आणावे.

देणगीदारांचा ओढा स्वाभाविकपणे मोठ्या यंत्रसामग्रीकडे असतो, आणि तिची निकड आम्हालाही आहेच. तथापि मापाची चादर, शीतपेटीत जपलेले ऑक्सिटोसिन आणि रात्रपाळीच्या परिचारिकांचे नियमित प्रशिक्षण यांवर खर्च होणारा रुपयाही तितकाच मोलाचा आहे. अशा वस्तूंवर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. परंतु बाळाला कुशीत घेऊन सुखरूप घरी परतणारी माता हीच त्या दानाची पावती होय.