खपली गहू आणि शेताचे दिवस

अभ्यासासाठी शास्त्रभाग: निर्गम ९:२२-३२, यशया २८:२३-२९





गेल्या उपकारस्तुतीच्या सभेनंतर डोंबिवलीचे एक बंधू मला भेटले. घरात मधुमेह असल्यामुळे त्यांच्याकडे खपली गव्हाच्या पोळ्या होतात. ते म्हणाले, "ताई, हा गहू साध्या गव्हापेक्षा किती महाग मिळतो! आपल्या मुरबाडच्या पाड्यांवर याचं बी वाटलं, तर त्या कुटुंबांच्या हाती चार पैसे येतील. बियाण्याचा खर्च मी देतो." देणे मनापासून होते. मी आनंदाने हो म्हटले आणि पुढच्या फेरीत पाड्यावर विषय काढला.

बायका शांतपणे ऐकत होत्या. त्यांतल्या एक वयस्क मावशी म्हणाल्या, "ताई, पेरायचा कधी आन् निघायचा कधी? भात काढल्यावर आमच्या भुईत वल राहते किती दिस? तेवढ्यात तुमचा गहू होईल का?"

मला उत्तर देता आले नाही. शेतीतल्या जाणकारांना विचारले, वाचले, आणि पुन्हा वचनाकडे वळले. त्यातून जे समजले ते या पाठात आपल्यापुढे ठेवत आहे.

१. पवित्र शास्त्रातला जुना गहू

मिसरावर गारांची पीडा आली तेव्हाचा तपशील आपण सहसा भरभर वाचून पुढे जातो. निर्गमाचा लेखक सांगतो की जवस आणि सातू यांचा नाश झाला, कारण जवस फुलावर होते आणि सातू कणसात आले होते. पण गहू आणि त्याच्याबरोबर नाव घेतलेले आणखी एक धान्य वाचले, कारण ते मागाहून येणारे होते. या धान्यासाठी मूळ इब्री शब्द 'कुस्सेमेत' असा आहे. हा शब्द जुन्या करारात फक्त तीन ठिकाणी येतो: निर्गम ९:३२, यशया २८:२५ आणि यहेज्केल ४:९. वेगवेगळ्या भाषांतरांत त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, पण हा टरफलाचा जुना गहू, म्हणजे आपल्या खपलीच्याच जातीचा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. प्राचीन मिसरात ग्रीकांची सत्ता येईपर्यंत मुख्य गहू हाच होता. योसेफाची कोठारे मनात आणताना हाच गहू डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही.

मिसरावर पडलेल्या गारा सगळ्या पिकांसाठी सारख्याच होत्या. कोणते पीक त्या दिवशी कोणत्या अवस्थेत होते, यावर ते वाचले की गेले हे ठरले. महाराष्ट्रात गारांपेक्षा दुष्काळ आणि ऊन यांची भीती जास्त. इथे उलटे होते: लवकर येणारे पीक वाचते आणि उशिरा येणारे जळते.

यशया शेतकऱ्याचेच उदाहरण देतो. शेतकरी प्रत्येक धान्य त्याच्या त्याच्या जागी पेरतो आणि प्रत्येकाची मळणी त्याला सोसेल अशा रीतीने करतो. हे शहाणपण देवानेच त्याला शिकवले आहे, असे संदेष्टा म्हणतो. पाड्यावरच्या मावशींचे प्रश्न याच शहाणपणातून आलेले होते.

२. खपली गहू कसा असतो?

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने जी पहिली धान्ये पेरायला सुरुवात केली, त्यांत हा गहू आहे. त्याचा रानटी पूर्वज १९०६ मध्ये आरोन आरोनसन या वनस्पतिशास्त्रज्ञाला गालीलात, रोश पिना येथे खडकाच्या फटीत उगवलेला सापडला. प्रभू येशू ज्या प्रांतात फिरला, त्याच प्रांतातली ही गोष्ट.

आपल्याकडे तो सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोट, विजयपूर या भागांत पिकतो. तिकडे सणासमारंभाला खपली गव्हाची खीर होते. ओंबीच्या प्रत्येक टरफलात बहुधा दोन दाणे असतात, आणि मळणी केली तरी टरफल सुटत नाही. ते कांडून किंवा यंत्रावर काढावे लागते. पेरताना मात्र टरफलासकटच पेरतात. खपली हळूहळू पचतो म्हणून मधुमेही लोक तो घेतात. पण त्यात ग्लुटेन असते, त्यामुळे ज्यांना गव्हाचेच वावडे आहे त्यांनी तो खाऊ नये.

या गव्हाचा मोठा गुण म्हणजे तांबेरा रोगाशी झुंजण्याची ताकद. खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा एक संच ठरवला. त्यात 'खपली' याच नावाने आपला गहू होता. पुढे त्याच्यातले रोगप्रतिकारक गुण इतर गव्हांतही आणले गेले.

तरीही शेतकऱ्यांनी तो सोडायला सुरुवात केली, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. जुना खपली उंच वाढतो. खतपाणी दिले की ताट लोळते आणि दाणा वाया जातो. उत्पन्न कमी, वर टरफल काढायची मेहनत. १९६० च्या दशकात बुटके गहू आले आणि खपली मागे पडला.

३. थोड्या दिवसांत पिकणारा वाण कसा घडतो?

महाराष्ट्रातली थंडी लहान असते. बागायती गहू नोव्हेंबरात पेरला जातो. कोरडवाहू गहू त्याच्याही आधी, जमिनीत ओल असेतोवर. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापू लागते. दाणा भरण्याच्या वेळी ऊन लागले तर दाणा सुरकुततो. थंड देशांतले बरेच गहू भरपूर थंडी आणि मोठा दिवस मिळेपर्यंत फुलतच नाहीत. असा गहू इथे पेरला तर मार्चमध्येही तो हिरवाच उभा राहील. म्हणून इथल्या पैदासकाराला हवे असते लवकर फुलणारे, आखूड ताटाचे, खोल मुळाचे आणि तांबेरा न लागणारे झाड.

पुण्याची आघारकर संशोधन संस्था या कामात अग्रणी आहे. प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने सुरू झाली आणि १९९२ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे शेत बारामती तालुक्यात होळ येथे आहे.

संकराचे काम अतिशय नाजूक असते. गव्हाच्या फुलात पराग आणि बीजांड दोन्ही असतात, आणि ते आपले आपणच फळते. त्यामुळे फूल उमलण्याआधीच चिमट्याने त्यातले पुंकेसर काढतात, ओंबीवर कागदी पिशवी घालतात, आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर सोडतात. खपली आणि शेवया-रव्याचा बन्सी गहू या दोघांत २८ गुणसूत्रे असतात, म्हणून त्यांचा संकर चांगला जमतो. आपल्या रोजच्या पोळीच्या गव्हात ४२ असतात, त्याच्याशी जुळवणे अवघड जाते.

खरे कष्ट त्यानंतर. दुसऱ्या पिढीत शेतात उंच, बुटकी, लवकरची, उशिराची अशी सर्व प्रकारची झाडे दिसतात. त्यांतली हवी ती निवडायची, पुढच्या वर्षी पेरायची, पुन्हा निवडायची. सहा-सात पिढ्यांनंतर गुण स्थिर होतात. मग वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या. निलगिरीतल्या वेलिंग्टनला उन्हाळ्यातही गहू येतो, म्हणून काही पिढ्या तिथे वाढवून वर्षे वाचवतात. तरीही एका वाणामागे दहा-बारा वर्षे सहज जातात.

आघारकर संस्थेचा एमएसीएस २९७१ हा कमी उंचीचा खपली वाण अशाच मेहनतीतून आला. वेलिंग्टनच्या केंद्राने दुसरी वाट धरली: जुन्या उंच खपलीच्या बियाण्यावर गॅमा किरण सोडून त्यातून निघालेली बुटकी झाडे निवडली. त्यातून एचडब्ल्यू १०९८ हा वाण मिळाला. खपलीच्या नात्यातल्या बन्सी गव्हात आघारकर संस्थेने एमएसीएस ४०२८ हा वाण दिला आहे. तो खास कोरडवाहू शेतीसाठी असून सुमारे १०२ दिवसांत तयार होतो.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. परवडत नसतानाही कृष्णाकाठच्या काही घरांनी सणाच्या खिरीपुरता का होईना, जुना खपली पेरत ठेवला. त्यांनी बी राखले म्हणून शास्त्रज्ञांच्या हाती काही सुधारायला उरले.

४. मुरबाडच्या पाड्यांवर

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. खपली गहू मुख्यतः काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत आणि बऱ्याच ठिकाणी पाणी देऊन पिकतो. आपल्या पाड्यांवरची वरकस जमीन उताराची आणि उथळ. पाऊस थांबला की तिची ओल लवकर उडते. विहीर आटते. थंडीही घाटावरच्यासारखी पडत नाही. कमी दिवसांचा खपली वाणसुद्धा तिथे पाण्यावाचून उभा राहणे कठीण. म्हणून उत्तर 'नाही' असेच होते.

यापूर्वी असा विचार न करता आम्ही एकदा चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही चांगल्या उत्पन्नाचे म्हणून गरव्या भाताचे बी वाटले. ठाणे जिल्ह्यातला शेतकरी भाताची वाटणी दिवसांवरूनच करतो: हळवे, निमगरवे, गरवे. गरवे भात खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरांसाठी असते. आम्ही ते माळावरच्या कुटुंबांना दिले. पाऊस लवकर गेला आणि लोंब्या पोचट राहिल्या. बी फुकट दिले होते, पण त्या कुटुंबांचे वर्ष गेले. दिवाळीनंतर त्यांतली काही माणसे उचल घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली, आणि मुलांची शाळा सुटली. ती चूक आमची होती. कर्जतच्या संशोधन केंद्राचे कर्जत १८४ सारखे हळवे वाण होते. आम्ही जमीन पाहून विचारायला हवे होते.

या वेळी मी डोंबिवलीच्या बंधूंना सर्व सांगितले आणि त्यांना पाड्यावर येण्याची विनंती केली. ते आले. मावशींनी त्यांना मडक्यात राखेत ठेवलेले वरईचे बी दाखवले आणि म्हणाल्या, "दादा, हे आमच्या सासूच्या वेळचं. पाऊस थोडा झाला तरी पिकतं. पन आता दोनच घरी राहिलंय." बंधू बराच वेळ ते बी तळहातावर घेऊन बसले. त्यांची देणगी आता तीन कामांना लावली आहे: हळव्या भाताचे बी, भातानंतर उरलेल्या ओलीवर येणारे वाल आणि हरभरा, आणि पाड्यातल्या नाचणी-वरईच्या जुन्या बियांची राखण. भातानंतर शेतात थोडे जरी पीक उभे असले, तरी काही कुटुंबे भट्टीवर न जाता घरी राहतील आणि लेकरे शाळेत जातील, अशी आमची आशा आहे.

आदिवासी माणसाकडे हे ज्ञान असते याची साक्ष आपल्या शेजारीच आहे. सह्याद्रीच्या पलीकडे अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अनेक पिकांचे गावरान बी जपले. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

५. आपल्यासाठी

आपल्यापैकी पुष्कळ जण कल्याण, डोंबिवली, ठाण्यात राहतात आणि शेत फक्त लोकलच्या खिडकीतून पाहतात. देताना आपण आपल्या ताटात जे चांगले वाटते तेच पाठवतो. प्रेम त्यातही असते. पण ज्या शेतात ते बी पडणार, त्याचे दिवस किती, हे तिथल्या माणसाला विचारणे हाही प्रेमाचाच भाग आहे. पैदासकार एका वाणासाठी दहा-बारा वर्षे थांबतो. सेवाकार्यात आपण एका हंगामात फळ मागतो. खपली गहू खरेदी करायचा असेल तर जरूर करा. तो पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा लाभ होतो. मात्र पाड्यावर जाताना आधी ऐकायला जाऊ या.

चर्चेसाठी प्रश्न

१. निर्गम ९:३१-३२ मध्ये पिकांच्या अवस्थेचा तपशील का दिला असावा?
२. यशया शेतकऱ्याच्या कामात देवाचे शिक्षण पाहतो. शाळा न शिकलेल्या माणसाकडून आपण शेवटचे काय शिकलो?
३. आपल्या मंडळीने चांगल्या हेतूने दिलेली, पण उपयोगी न पडलेली एखादी देणगी आठवते का? आधी कोणाला विचारायला हवे होते?
४. आपल्या आजीच्या गावचे कोणते धान्य किंवा बी आता दिसत नाही? ते अजून कोणाकडे असेल?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, पेरणाऱ्याला बी आणि खाणाऱ्याला भाकर देणारा तूच आहेस. पाड्यांवरच्या आमच्या बहिणी-भावांच्या शेतात वेळेवर पाऊस दे आणि ओल टिकू दे. ज्यांनी जुने बी राखले त्यांच्या हातांना आशीर्वाद दे. संशोधन करणाऱ्यांना धीर दे. आणि आम्हाला देण्याआधी विचारण्याची नम्रता दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.