ऊतींमधील निदर्शक आणि रोगाचे भाकीत
बीजांडकोशाच्या कर्करोगांत ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीचे प्रमाण अवघे २ ते ५ टक्के आहे. गाठीच्या ऊतीत इनहिबिन हे प्रथिन आढळल्यास निदानाला बळकटी येते. प्रौढ प्रकारच्या बहुतेक सर्व गाठींत ‘फॉक्सएल२’ जनुकाचे एकच उत्परिवर्तन असते, हे कॅनडातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. मात्र जे लक्षण जवळजवळ प्रत्येक गाठीत असते, ते कोणाचा रोग उलटेल हे सांगू शकत नाही. निदान व भाकीत यांतील हा भेद परीक्षार्थींनी ध्यानी घ्यावा. भाकिताचा मुख्य आधार आजही शस्त्रक्रियेच्या वेळची रोगाची अवस्था हाच आहे. रोग १०-२० वर्षांनीही उलटतो, त्यामुळे ५ वर्षांच्या अतिजीवितेचा आकडा येथे फसवा ठरतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेचे विमाकवच रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. वर्षानुवर्षे कराव्या लागणाऱ्या बाह्यरुग्ण तपासण्या त्यात येत नाहीत.