खोडा : एका शब्दाचा अभ्यास

फिलिप्पै येथील तुरुंगाचा धडा शिकवताना आपण भूकंप, उघडलेली दारे आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याचे तारण यांवर भर देतो. ‘खोडा’ हा शब्द मात्र वाचून तसेच पुढे जातो. आजच्या मुलांनी खोडा पाहिलेला नसतो. म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांसह आपण या शब्दापाशी थोडे थांबू.

खोड म्हणजे झाडाचा बुंधा, आणि खोडा म्हणजे जाड लाकडाचे बंधन. त्याच्या भोकांत कैद्याचे पाय घालून ते पक्के अडकवीत. बेडी, साखळी व खोडा हे मुलांना एकच वाटतात. पण त्यांत फरक आहे. बेडी घातलेला मनुष्य अडखळत का होईना, चालू शकतो. साखळी त्याला पहारेकऱ्याशी किंवा भिंतीशी जोडते. खोड्यातील मनुष्याला मात्र जागचे उठताही येत नाही. लोखंडाचेही खोडे असत, इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगराच्या उत्खननात तसा एक सापडला आहे.

जुन्या करारात ईयोब आपले पाय देवाने खोड्यात घातल्याची तक्रार करतो (१३:२७). यिर्मयाला पशहूर याजकाने मारून मंदिराजवळच्या वेशीत खोड्यात ठेवले (२०:२). तेथील इब्री शब्द ‘उलटणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्यावरून शरीर पिळवटून टाकणारे ते बंधन असावे असे अभ्यासक म्हणतात. दुसऱ्या दिवशी सुटताच यिर्मयाने तोच संदेश पुन्हा सांगितला!

प्रेषितांची कृत्ये १६:२४ मधील ग्रीक शब्द आहे ‘क्सुलॉन’. त्याचा साधा अर्थ लाकूड. पेत्राने प्रभूच्या वधस्तंभाविषयी बोलताना हाच शब्द वापरला (५:३०, १०:३९). यावरून नवा सिद्धांत बांधण्याचे कारण नाही. पण ज्याचा प्रभू लाकडावर खिळला गेला, त्या सेवकाचे पायही लाकडात अडकले, एवढे मुलांना अवश्य दाखवावे. पाठीवर फटक्यांचे ताजे वळ असताना पौल व सीला मध्यरात्री गात होते आणि इतर कैदी ऐकत होते. खोडा पाय धरतो. तोंड धरू शकत नाही.

आता आपल्या रोजच्या बोलण्याकडे वळू. लाकडी खोडा गेला. ‘खोडा घालणे’ मात्र राहिले. चांगल्या कामात कोणी आडवे आले की आपण हेच म्हणतो. ग्रीक भाषेत अडवणे, मना करणे या अर्थाचे एक क्रियापद आहे. लोक बालकांना प्रभूकडे आणीत होते, तेव्हा त्यांना अडवू नका असे सांगताना प्रभूने तेच वापरले (मार्क १०:१४). कर्नेल्याच्या घरी जे घडले त्याविषयी पेत्र म्हणाला की, देवाला अडवणारा मी कोण (११:१७)! आणि त्याच धातूचा, ‘अडथळ्यावाचून’ या अर्थाचा शब्द प्रेषितांच्या कृत्यांच्या अगदी शेवटी येतो (२८:३१). पौल साखळीत होता, तरी वचन मोकळे होते.

येथे आपण स्वतःला तपासावे. बालकांना अडवणारे तुरुंगाचे शिपाई नव्हते. ते प्रभूचे शिष्य होते, आणि प्रभूला त्यांचाच राग आला. एखादे मूल प्रश्न विचारते आणि आपण त्याला दटावून बसवतो. कोणी तरुण नवे काम सुचवतो आणि “आमच्या मंडळीत असे कधी झाले नाही” या एका वाक्यावर ते संपते. असा खोडा दिसत नाही, म्हणून तो काढायचेही कोणाला सुचत नाही.

त्या अधिकाऱ्याने ज्या हातांनी पाय अडकवले, त्याच हातांनी त्या रात्री जखमा धुतल्या (१६:३३). धडा संपवताना वर्गाला विचारावे: आपण कोणाच्या पायांत खोडा घातला आहे काय? मुलांच्या आधी आपणच उत्तर द्यावे.