शांततेचं भाडं: म्हैसूरच्या जुन्या बंगल्यात मुक्काम करताना

खोलीचा दर रात्रीला ७,४०० रुपये असेल तर बिल होतं ७,७७०. दर ७,६०० असेल तर ८,९६८. खोली दोनशे रुपयांनी महाग, बिल मात्र जवळजवळ बाराशेंनी. कारण जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे आणि त्याच्या वर एक रुपया गेला तरी सगळ्या रकमेवर १८ टक्के. जुन्या बंगल्यांतल्या छोट्या, शांत हॉटेलांचे दर बरेचदा नेमके या रेषेच्या आसपास घुटमळतात. म्हणून खोली पाहण्याआधी ही रेषा पाहावी. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत अजून १२ टक्के लिहिलेलं दिसेल, तो दर आता गेला.

मुलं शिक्षणाला नाहीतर नोकरीला बाहेर, घरी दोघंच, आणि दोन-तीन दिवस कुठेतरी निवांत राहावं अशी इच्छा. असे बरेच मराठी प्रवासी हल्ली ‘लहान मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी असलेली हॉटेलं शोधतात. म्हैसूर त्यासाठी सोयीचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच, त्यामुळे एप्रिलचे काही आठवडे सोडले तर पंख्यावर भागतं. आणि संस्थानी काळातले बंगले भरपूर. पण यातला प्रत्येक बंगला शांत नसतो, आणि शांततेचे पैसे मात्र प्रत्येक जण लावतो.

जुन्या वास्तूंचेही प्रकार आहेत. ललिता महाल हा व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी बांधलेला राजवाडा. पाया १९२१ सालचा, वास्तुविशारद मुंबईचे ई. डब्ल्यू. फ्रिचली, आणि १९७४ पासून तिथे हॉटेल. मेट्रोपोल १९२० च्या सुमाराचं, महाराजांच्या ब्रिटिश पाहुण्यांसाठी उभारलेलं. दोन्ही बघण्यासारखी, पण मोठी हॉटेलं म्हटली की लग्नं, परिषदा, सहली आल्याच. आपल्याला हवं असतं ते दहा-वीस खोल्यांचं घर.

त्या जातीचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे जयलक्ष्मीपुरममधलं ग्रीन हॉटेल. हा मुळात चित्तरंजन महाल, राजघराण्यातल्या मुलींसाठी बांधलेला. पुढे तिथे प्रीमियर स्टुडिओ आला, कानडी चित्रपट घडले. नंतर हिलरी ब्लूम या इंग्रज बाईंच्या पुढाकाराने एका ब्रिटिश धर्मादाय संस्थेने तो दुरुस्त करून हॉटेल केलं आणि नफा समाजकार्याला द्यायचा, असं ठरवलं. एसीऐवजी मोकळी हवा, पाणी तापवायला सूर्य, करमणुकीला बाग आणि वाचायला पुस्तकं. हे ‘फक्त मोठ्यांसाठी’ असलेलं हॉटेल नव्हे, पण शांतता कशातून येते ते इथे कळतं: टीव्ही नसला की निम्मा आवाज आपोआप जातो. इथे महालातल्या जुन्या खोल्या वेगळ्या आणि बागेकडच्या नव्या इमारतीतल्या वेगळ्या, दरही वेगळे.

हा शेवटचा मुद्दा सगळ्याच जुन्या वास्तूंना लागू आहे आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. जाहिरातीतला फोटो मूळ बंगल्याचा असतो: लाल ऑक्साइडची गुळगुळीत फरशी, रंगीत काचांच्या खिडक्या, वर सागवानी तुळया आणि त्यांवर तिरप्या, उभ्या बसवलेल्या विटांचं चुन्यातलं छत. ‘मद्रास टेरेस’ म्हणतात त्याला. मान वर करून पाहिलंत तर विटांच्या कडा मोजता येतात. स्वस्त दरात मिळते ती मात्र मागच्या अंगणात परवा बांधलेली सिमेंटची खोली. ती वाईट नसते, उलट न्हाणीघर चांगलं असतं. पण जुन्या वास्तूचा दर देऊन ती घेऊ नये. बुकिंगच्या आधी ‘खोली मूळ इमारतीतली की नव्या?’ एवढं लेखी विचारा. व्हॉट्सॲपवरचं उत्तरही चालेल, जपून ठेवा.

या छतांची डागडुजी महाग असते. चुन्याचं काम जाणणारे गवंडी दुर्मीळ झाले आहेत, आणि दुर्लक्ष केलं तर काय होतं ते म्हैसूरने पाहिलं आहे: २०१२ साली लॅन्सडाउन इमारतीचा भाग कोसळून चौघे गेले, २०१६ साली देवराज मार्केटचा एक भाग खाली आला. त्यामुळे नीट राखलेल्या बंगल्याने साध्या लॉजच्या दुप्पट-तिप्पट दर लावला तर मला त्यात वावगं वाटत नाही. भिंतीला ओल, पलंगाला करकर आणि दर तोच, हे मात्र चालवून घेऊ नये. लाकडी जिने-तुळयांच्या इमारतीत बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे, हेही पोचल्याबरोबर पाहून ठेवावं. वर ज्या प्रीमियर स्टुडिओचा उल्लेख केला, तिथेच फेब्रुवारी १९८९ मध्ये टिपू सुलतानावरच्या मालिकेच्या चित्रीकरणात आग लागून साठहून अधिक माणसं दगावली होती.

आता पुन्हा बिलाकडे. कराची रेषा ओलांडायला लावणाऱ्या दोन गोष्टी: जादा पलंग आणि नाश्ता. समजा खोली ६,५०० ची, करासह ६,८२५. सोबत मावशी आल्या म्हणून १,५०० रुपयांचा पलंग घेतला, की रक्कम ८,००० होते, कर १८ टक्के, बिल ९,४४०. म्हणजे पलंग पडला २,६१५ रुपयांना! नाश्त्याचंही तसंच. खोली ७,००० आणि दोघांचा नाश्ता ८००, असा एकत्रित दर ७,८०० घेतला तर करासह ९,२०४ होतात. तीच खोली नाश्त्याविना घेतली आणि नाश्त्याचं बिल वेगळं झालं, तर खोलीचे ७,३५० आणि नाश्त्याचे, १८ टक्के धरूनही, ९४४, एकूण ८,२९४. रात्रीला ९१० रुपये वाचले. बुकिंग करतानाच फक्त खोलीचा दर मागा. नंतर बिल फोडून मागणं योग्य नाही, हॉटेलही ते करणार नाही.

नाश्त्यावर १८ टक्के का धरले? आधीच्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलाने एक जरी खोली ७,५०० च्या वर दिली असेल, त्याच्या रेस्टॉरंटला १ एप्रिल २०२५ पासून १८ टक्के लागतात. तुमची खोली पाच हजारांची असली तरीही. त्यामुळे रात्रीचं जेवण एकदा हौसेने बंगल्यात घ्यावं, बाकी बाहेर. नाश्ता तर बाहेरच. नझरबादला मैलारीचा डोसा खायचा: हाताने तुटेल इतका मऊ, आत कांद्याचा सागू (दाटसर पातळ भाजी), वर विरघळणारा लोण्याचा गोळा. हॉटेलातल्या नाश्त्याच्या पैशांत दोघांचं पोट भरून वर फिल्टर कॉफी होते आणि बरेच पैसे उरतात.

सवलतींचं गणित थोडं फसवं आहे. कर छापील दरावर नाही, हॉटेल प्रत्यक्ष जे घेतं त्यावर ठरतो. हॉटेलाने ८,५०० ची खोली ७,४०० ला दिली तर ५ टक्केच. पण सूट बँकेने किंवा बुकिंगच्या वेबसाइटने स्वतःच्या खिशातून दिली असेल, तर हॉटेलच्या लेखी दर तोच राहतो आणि कर १८ टक्के. म्हणून वेबसाइटवर खोली पाहावी आणि मग सरळ हॉटेलात फोन लावावा. वेबसाइटचं कमिशन वाचत असल्याने छोटी हॉटेलं खळखळ न करता थोडं कमी करतात, निदान उशिरा खोली सोडायची सोय देतात.

शांततेबद्दल विचारताना ‘तुमच्याकडे शांत असतं का?’ असं विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे. विचारायचं ते हे: त्या तारखांना हिरवळ लग्नाला दिली आहे का? मुलांसाठी दार बंद असलेल्या बंगल्याचं अंगण वराती-डीजेला मोकळं असू शकतं, कारण पैसा त्यात आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण संध्याकाळी पाच ते दहाचं काय? त्यानंतर खोली रस्त्याकडे की मागे ते विचारा. हुणसूर रस्त्यावरच्या वास्तूला हा फरक मोठा पडतो. आणि वरच्या मजल्याची फळ्यांची जमीन असेल तर खालची खोली नको, डोक्यावर पहाटे कोणाच्या तरी चपला वाजतात. मात्र गुडघे दुखत असतील तर वरची खोली घेताना जपून: अशा घरांत लिफ्ट क्वचितच, आणि न्हाणीघराला उंच उंबरठा हमखास.

वयाची अट सरसकट सारखी नसते. कुठे बारा वर्षं, कुठे सोळा, कुठे अठरा. सोबत दहावीतला नातू असेल तर ‘मुलं चालत नाहीत’ हे दारात कळणं परवडणारं नाही. जन्मसाल सांगून आधी होकार घ्या. ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली द्यावी.

तारखांनी दर सर्वांत जास्त हलतो. दसऱ्याच्या दहा दिवसांत म्हैसूरमध्ये शांतता शोधूच नये. तेव्हा जायचं ते जंबो सवारी, म्हणजे हत्तींची मिरवणूक, पाहायला, गर्दीचा आनंद घ्यायला. डिसेंबर ते फेब्रुवारी गोकुळम वस्तीतल्या आणि आसपासच्या खोल्या योग शिकायला आलेल्या परदेशी मंडळींनी महिन्या-महिन्यासाठी घेतलेल्या असतात. बंगळूरकर शनिवार-रविवारी येतात, द्रुतगती रस्ता झाल्यापासून जास्तच. माझ्या मते रविवारी दुपारी पोचावं: सातच्या सुमाराला राजवाड्याची रोषणाई पाहायला मिळते, आणि सोमवार-मंगळवारच्या रात्री कमी दरात पदरात पडतात. प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढं सोमवारी उरकावं. पावसाळ्यात दर आणखी उतरतात, पण चुन्याच्या भिंतींना कुबट वास येतो. दमा असेल तर नको.

पंढरपूर-सोलापूरकडून गोलगुंबज एक्सप्रेस थेट म्हैसूरला जाते. बंगळूरच्या विमानतळावरून केएसआरटीसीची फ्लायबस आहे. कोल्हापूर-बेळगावकडून गाडी आणि चालक घेऊन निघालात तर चालकाच्या झोपण्याची सोय विचारून घ्या. छोट्या बंगल्यात ती नसते, आणि त्याच्या लॉजचा खर्च भत्त्याव्यतिरिक्त तुमच्याच माथी येतो.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आला तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कर्मचाऱ्यांना बक्षिसी जरूर द्या, पण ती आपल्या मनाने. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मूळ बंगल्यातली खोली कबूल करून मागची दिली, किंवा रद्द केल्यावर ठरलेले पैसे परत केले नाहीत, तर तक्रारीसाठी म्हैसूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. २०१९ च्या कायद्याने ती तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सोबत बिल, पैसे भरल्याची पावती आणि ते व्हॉट्सॲपवरचं उत्तर जोडावं.